लोडशिवाय ट्रायल नाही

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या दारात एक लाकडी बाक होता. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाक आपल्यासाठी आहे. तो बसायला गेला की आधीच बसलेली मंडळी थोडी सरकायची, पण उठायची नाहीत. ती गिऱ्हाइकं नव्हती. ती लोड होती.

हे जरा समजावून सांगावं लागेल. मोटरसायकलचं इंजिन सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं असतं. स्टँडवर उभं आहे तोवर अत्यंत सभ्य. मूठ पिळली की गोड आवाज, धूर नाही, खोकला नाही. खरे गुण दिसतात ते पाठीवर ओझं आणि पुढ्यात चढ आल्यावर. म्हणून आमच्या उस्तादांचा, म्हणजे रशीदभाईंचा नियम होता, की लोडशिवाय ट्रायल नाही. काम झालं की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "लोड टाकून पाहतो साहेब, दहा मिनटं." मग बाकावरच्या पहिल्या माणसाला मानेनं खूण करायचे. तो माणूस मागच्या सीटवर बसायचा आणि गाडी जवळच्या केळापूर गावाच्या दिशेनं निघायची.

आता ट्रायल घ्यायचीच आहे आणि लोड टाकायचाच आहे, तर तो रिकामा कशाला जावा? शिंप्याला केळापुरात शिवलेले ब्लाऊज पोचवायचे असत. कुणाला तिथल्या देवीला नारळ फोडायचा असे. एका म्हातारीचे गुडघे दुखत, ती दर मंगळवारी बाकावर येऊन बसायची आणि विचारायची, "आज बिघडलेली गाडी आली का रे बाबा?" नाही म्हटलं तर तिचा चेहरा पडायचा. शेजारच्या हॉटेलचे मालक गुलाबशेठ इतके रुंद होते, की त्यांना आम्ही क्लचप्लेट बदललेल्या गाड्यांसाठी राखून ठेवलं होतं. गुलाबशेठना घेऊन जी गाडी केळापूरच्या वाटेवरचा चढ चढली, ती पुढं कुठंही चढेल अशी उस्ताद गॅरंटी द्यायचे. फसवणूक कुणाचीच नव्हती. गिऱ्हाइकाला खरी ट्रायल मिळे आणि गावाची कामं होत.

मी बी.एस्सी. झालेला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पलीकडं गेलं नव्हतं. बाबांनी कापूस वेचून वेचून मला यवतमाळला शिकवलं. माझ्या डिग्रीचा कागद धरायलाही त्यांनी आधी हात धुतले होते. त्यांच्या उपकारांची जाणीव मला तेव्हाही होती आणि आजही आहे. पण खुर्चीची नोकरी काही चालून आली नाही. वाट पाहता पाहता मी उस्तादांकडं जाऊ लागलो आणि मग तिथलाच झालो. उस्तादांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ए बीएस्सी, दहाचा पाना दे." "अबे बीएस्सी, कार्बोरेटर साफ करून राह्यला का नवरीचा मेकप करून राह्यला?"

बाबांना हे सहन झालं नाही. "पाना धराले बीएस्सी कायले लागते बे?" एवढं एकदाच म्हणाले. त्यानंतर ते हायवेवरून जाताना आमचं गॅरेज आलं की मान रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला वळवायचे. त्या अंगाला पाहण्यासारखं काहीही नव्हतं. एक बाभूळ होती. बाबांनी ती बाभूळ कित्येक महिने मन लावून पाहिली.

काश्मीरहून कन्याकुमारीला निघालेले हौशी लोक त्याच हायवेनं जात. मोठाल्या गाड्या, दोन्ही बाजूंना पेट्या, मागं बांधलेला तंबू. कापसाच्या हंगामात आमच्या भागात शिरले की यांच्या गाड्यांना दमा व्हायचा. रस्त्यानं कापसाचे ट्रक, कडेला कापसातली सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या, हवेत रुईचे तंतू. एअर फिल्टर उघडला की आत उशी भरता येईल एवढा ऐवज निघे. शिवाय आमच्याकडं घराघरात कापूस पडलेला, त्यामुळं प्रत्येक कामाला तोच. एक मास्तर पेट्रोल ओतताना नरसाळ्यात कापसाचा बोळा ठेवायचे, कचरा अडतो म्हणून. कचरा अडायचा, पण बोळ्याचे तंतू आत जायचे. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानं खाली कार्बोरेटरच्या छोट्या वाटीत उतरतं आणि तिथून जेट नावाच्या केसाएवढ्या भोकातून वर ओढलं जातं. त्या भोकात एक तंतू अडकला की अख्खी गाडी बसली. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग बोळा मोठा ठेवू का?"

ती वर्षं कापसाची वाईट होती. पिकला तरी विकायचा कुठं, हा प्रश्न. गावाबाहेरच्या खरेदी केंद्रावर कापसानं भरलेल्या बंड्यांची रांग लागे, ती थेट हायवेपर्यंत. आमच्याकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. नंबर यायला दिवसच्या दिवस लागत. तेवढे दिवस बैल रांगेत उभे ठेवून त्यांना चारा-पाणी कुठून आणणार? म्हणून लोकांनी एक रीत पाडली होती. बंडी रांगेत, माणूस बंडीखाली आणि बैल घरी. रांग सरकली की आजूबाजूचे मिळून बंड्या हातानं ढकलत. फक्त केंद्राच्या फाटकापाशी खडा चढ होता, तिथं बैल लागायचेच. नंबर जवळ आला की घरी निरोप जाई आणि बैल येत. ही गोष्ट घडली त्या वर्षी बाबाही आठवडाभर त्या रांगेत होते. त्यांचा जेवणाचा डबा मी दुपारी नेऊन देई. कशावरून, ते सांगायला नको. दहा मिनिटांची ट्रायल. बाबा डबा घ्यायचे, गाडीकडं बघायचे नाहीत.

त्याच आठवड्यात एका सकाळी पुण्याचं एक जोडपं गॅरेजात आलं. गोखले काका आणि सुमतीकाकू. काका नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले, पाचशे सीसीची काळी मोटरसायकल, टाकीत चेहरा दिसेल अशी चकाकी. निघालेले कन्याकुमारीला. टाकीवर पट्ट्यांनी आवळलेली रेक्झिनची नवी बॅग, बॅगेत नकाशे, गोळ्या आणि चहाचा थर्मास.

"नागपूरपर्यंत लोण्यासारखी आली," काका म्हणाले. "नागपूर सोडल्यापासून हा तमाशा. पंधरा-वीस किलोमीटर धावते आणि बंद पडते. वाटेत दोन मेकॅनिकांनी पाहिली. दोघांनी कार्बोरेटर साफ केला, दोघांनी पैसे घेतले. गाडी आहे तिथंच!"

"मग सुरू कशी होते साहेब?" मी विचारलं.

"आपोआप. दहा मिनिटं विश्रांती घेते आणि चालू लागते."

"विश्रांती नाही हो," काकू म्हणाल्या. "चहा. मी बॅग घेऊन झाडाखाली बसते, आमचा चहा होतो आणि बाईसाहेब लगेच तयार. तिला चहा लागतो. मी नागपूरपासून सांगत्ये."

काकांनी काकूंकडं असं पाहिलं, की पस्तीस-चाळीस वर्षांचा संसार एका नजरेत कळला. मी विज्ञानाचा पदवीधर. मीही नम्रपणे हसलो आणि कामाला लागलो.

टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, भरपूर होतं. बॅग काढून बाकावर ठेवली. कार्बोरेटर खोलला, आरशासारखा स्वच्छ. वाटीतलं पेट्रोल स्वच्छ. प्लग, कॉईल, फिल्टर, सगळं ठीक. उस्तादांनी कान लावून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "काहीच नाही साहेब. लोड टाकून पाहतो."

बाकावरचा शिंपी उठलासुद्धा.

"अजिबात नाही," काका म्हणाले. "माझी गाडी मी कुणाच्या हातात देत नाही. ट्रायल मी घेईन आणि एकटा घेईन."

काका केळापूरपर्यंत जाऊन आले. गाडी घड्याळासारखी चालली. सामान बांधलं, बॅग आवळली, काकू बसल्या, दोघं निघाले. तासाभरानं परत आले. काकांचा चेहरा लाल, काकूंचा प्रसन्न.

"चहा पिऊन आली," काकू म्हणाल्या.

उस्ताद मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बीएस्सी, गॅरेजात फर्स्टक्लास, रोडवर फेल. हिले लोडच पाहिजे. मी काय म्हणलो होतो?"

मी काकांना म्हटलं, "साहेब, गाडी तुम्हीच चालवा. पण जशी रस्त्यानं नेता तशीच न्या. पेट्या, तंबू, बॅग, काकू, सगळं. मी गॅरेजातल्या मोपेडवर पुढं राहतो. बंद पडली की पडल्या जागी पाहतो." काका तयार झाले. त्या ट्रायलचा रस्ता मी लांबचा वळसा घेऊन खरेदी केंद्रावरून काढला होता आणि मोपेडला बाबांचा डबा लटकत होता, एवढं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

केंद्रापाशी पोचलो तर तिथं वेगळाच गोंधळ. काटा, म्हणजे वजनाचं काम, त्या दिवशी चारला बंद होणार आणि पुन्हा कधी सुरू होईल ते कुणीच सांगत नव्हतं. त्यामुळं रांग एकाएकी धावत सुटली होती. बाबांची बंडी चढाच्या तोंडाशी येऊन उभी होती. कापूस डोक्याइतका भरलेला, आणि बैल घरी. माझा धाकटा भाऊ बैल आणायला गेला होता, पण गाव केळापूरच्या पलीकडं. मागच्या बंड्यांना बैल जुंपलेले. रोज एकमेकांच्या बंड्या ढकलणारी माणसं आज स्वतःच्या बंडीला चिकटून होती, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

"ओ दादा, बैल नाई तं बंडी बाजूले घे ना!"

"आमी कायले थांबाव? काटा बंद होऊन राह्यला!"

बाबा जू धरून उभे होते. आठवडाभर दव आणि धूळ खाऊन तोंड काळवंडलेलं. बंडी बाजूला घेतली की नंबर गेला, आणि मग तो सगळा कापूस परत घरी, नाहीतर व्यापारी देईल त्या भावात.

मी डबा हातात घेऊन उभा. काका गाडीवरून उतरून म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

मी सांगितलं. आणि सांगता सांगता माझं लक्ष त्यांच्या मोटरसायकलच्या मागच्या लोखंडी कॅरियरकडं गेलं. काकांनी माझी नजर पाहिली.

"नाही," ते म्हणाले.

"साहेब, लोड टाकून पाहू," मी म्हटलं. "यापेक्षा मोठा लोड अख्ख्या जिल्ह्यात मिळणार नाही."

"अहो, ती मोटरसायकल आहे, ट्रॅक्टर नव्हे!"

काकू खाली उतरल्या. "काश्मीरचे घाट चढली म्हणून नागपूरला माझ्या बहिणीला तासभर सांगत होतात ना? मग हा केवढासा चढ."

काकांनी एकदा चढाकडं पाहिलं. मग त्यांनी हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळला.

दोर कॅरियरच्या बुडाशी चौकटीला बांधला, दुसरं टोक जुवाला. बंडीची चाकं टायरची होती, तेवढं बरं. बाबांनी आणि मी जू खांद्यावर घेतलं. पुण्याचा माणूस आपल्यासाठी गाडी पणाला लावतो म्हटल्यावर मागचे चार-सहा जणही लाजून ढकलायला आले. काकांनी पहिला गिअर टाकला. मोटरसायकल गुरगुरली, दोर ताणला गेला, आणि बंडी हलली! रांगेत आरोळी उठली. अर्धा चढ झाला. वर फाटकावरचा माणूस साखळी हातात घेऊन तोंड उघडं टाकून बघत होता.

आणि गाडी बंद पडली.

"दगड लावा! चाकाले दगड लावा!" बाबा ओरडले. कुणीतरी लावले. बंडी चढावर लटकलेली. काका किकवर किक मारत होते. मी जू दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन धावलो. प्लग काढला, ठिणगी होती, परत बसवला. कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल केला. पेट्रोल यायला पाहिजे होतं, थेंब आला आणि थांबला. टाकी भरलेली, नळ उघडा, नळी मोकळी, आणि पेट्रोल उतरत नाही! खालून ओरडा, वरून साखळीचा आवाज. मागून बाबांचा आवाज आला, हळू आणि कोरडा, "हेच शिकला काय बे तू?"

"तिला चहा हवाय," काकू ठामपणे म्हणाल्या. त्यांनी पट्टे सोडले आणि थर्मास काढायला टाकीवरची बॅग उचलली.

सूँऽऽ.

मी अगदी जवळ वाकलेलो होतो म्हणून मला तो आवाज ऐकू आला. टाकीनं श्वास घेतला होता. लगेच खालच्या सैल स्क्रूतून पेट्रोलची धार लागली.

मी स्क्रू आवळला आणि काकूंच्या हातातली बॅग उलटी केली. बुडाच्या रेक्झिनवर टाकीच्या झाकणाचा गोल ठसा उमटला होता. झाकणात एक बारीक भोक असतं. पेट्रोल जेवढं खाली उतरतं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. नाही आली तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल अडून बसतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडत नाही, तसंच. बॅग त्या भोकावर घट्ट बसत होती.

"काकू, ही बॅग कुठं शिवली?"

"नागपूरला. बहिणीच्या मशीनवर मीच शिवली. जुनी डुगडुगत होती, टाकीला ओरखडे पडायचे."

नागपूर! आणि प्रत्येक मेकॅनिक, माझ्यासकट, आधी बॅग काढून झाकण उघडून पेट्रोल पाहत होता. म्हणजे रोग आम्हीच पहिल्या मिनिटाला बरा करत होतो आणि मग तासभर तो शोधत होतो. चहाचंही तेच. काकू झाडाखाली बसायला बॅग घेऊन जात, गाडी श्वास घेई.

काका बॅगेकडं बघत राहिले, मग काकूंकडं. त्यांना बरंच बोलायचं होतं. पण चढावर अख्खी बंडी लटकली होती आणि त्यांनी शहाणपणानं फक्त किक मारली. एका किकला सुरू. काकू बॅग पोटाशी धरून बाजूनं चालत होत्या आणि "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होत्या. बंडी फाटकातून आत गेली.

काट्यावरच्या माणसानं विचारलं, "बैल कुठं आहेत हो तुमचे?"

बाबा घाम पुसत म्हणाले, "हे काय उभे. एक पुन्याचा हाये अन् एक पुन्याची."

मी डोळे मिटून घेतले. पण काकू एवढ्या हसल्या, की थर्मासच्या झाकणातला चहा सांडला. काका आधी ताठ झाले, मग म्हणाले, "आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता."

कापूस मोजला गेला. बैलांनी चढ चढला की त्यांना काहीतरी भरवायचं, ही बाबांची जन्माची सवय. ते शेजारच्या बैलांपुढची मूठभर सरकी घेऊन मोटरसायकलपुढं येऊन उभे राहिले आणि घुटमळले.

"तोंड कोणतं बे याचं?"

मी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. त्यांनी आत वाकून वास घेतला.

"अन् नाक?"

मी झाकणातलं भोक दाखवलं. बाबांनी त्याच्यावर अंगठा ठेवला, काढला. पुन्हा ठेवला, काढला.

"नाक दाबून पानी कसं पिईन थे," ते म्हणाले. "हे तुले कॉलेजात शिकवलं?"

"हवेचा दाब शिकवला होता. पण आज काकूंनी बॅग उचलली म्हणून आठवला."

"मंग आठवला तं खरा," बाबा म्हणाले आणि सरकी टाकीवर हळूच ठेवली. गोखले काकांनी त्यांच्या चकाकत्या टाकीवरची ती सरकी कन्याकुमारीला निघेपर्यंत झटकली नाही. उस्तादांनी बॅगेच्या बुडाला झाकणाएवढं गोल भोक कापून दिलं आणि सांगितलं, "पैसे नको साहेब. तुमी आमच्या बीएस्सीले पास केलं."

आता कार्बोरेटरच्या गाड्या कमी झाल्या. नव्या गाड्यांत पेट्रोल पंपानं चढतं, कॉम्प्युटर मोजून देतो, आणि बिघाड झाला तर आधी यंत्र जोडून स्क्रीन बघायची. मी तेही शिकलो, आवडीनं शिकलो. पण आता लोकांना स्क्रीनवर दिसलं की पटतं, लोड टाकून पाहू दे म्हटलं तर संशयानं बघतात. गुलाबशेठ गेले, म्हातारी गेली. बाकाची एक फळी तुटली, ती मी बदलली. बसायला फारसं कुणी नसतं, त्याचं वाईट वाटतं.

पण त्या वर्षीच्या कापसानंतरची एक सकाळ सांगतो. मी खाली बसून साखळीला तेल देत होतो. बाकावर कुणीतरी येऊन बसलं. मी वर पाहिलं तर धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल. बाबा. बाभळीकडं पाठ करून बसलेले.

उस्ताद उठून उभे राहिले. "काका, लोड काय?"

"हाव."

"कुठी जाच हाये?"

"कुठीच नाई," बाबा म्हणाले. "पोरगं फिरवते काय पाहाले आलो."

हैदराबादच्या एका माणसाची मोठी लाल गाडी नुकतीच तयार झाली होती. तिची ट्रायल मला दिली. बाबा मागं बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी चढावर तपासायची होती, म्हणून मी जोरात घेतली. केळापूर आलं. पारावर आमच्या गावची चार माणसं बसली होती. खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"हळू घे ना बे," बाबा कानाशी म्हणाले. "लोकायले दिसू दे."